घरी ६६, स्पर्धेत ५७: मधले नऊ टक्के कुठे जातात?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. वय एकोणीस, बोरिवलीहून पहाटेच्या स्लो लोकलने महालक्ष्मीला येतेस. नऊ वर्षांचा थरोब्रेड (रेसच्या जातीचा) गेल्डिंग, म्हणजे खच्ची केलेला घोडा, अर्ध्या लीजवर (वाटून भाड्याने) आहे, पूर्वी इथेच महालक्ष्मीला रेस धावलेला. ड्रेसाजची, म्हणजे ठरलेल्या हालचाली पंचांपुढे करून दाखवण्याच्या घोडेस्वारीची, एलिमेंटरी पातळीची टेस्ट घरच्या मैदानात सरांनी तपासली की ६६ टक्के येतात, स्पर्धेत तीच टेस्ट ५७ वर उतरते. नोव्हेंबर ते मार्च या काळात पाच स्पर्धा दिसताहेत. पाचही कराव्यात का, मोसमात मधेच मीडियमला, म्हणजे वरच्या पातळीला, चढावं का, आणि पावसाळ्यापासून तयारी कशी लावावी? तू माझ्या शिष्यांच्या वयाची आहेस म्हणून सरळ 'तू' म्हणतो.

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. पाचपैकी तीन स्पर्धा कर. पहिल्या स्पर्धेला घोडा नुसता घेऊन जा, टेस्ट करू नकोस. एक पूर्ण सोड. मीडियम या मोसमात नको. आणि आजपासून तुझ्या कामाचा सगळ्यात मोठा वाटा वॉकला, म्हणजे घोड्याच्या साध्या चालण्याला, दे.

तू पाठवलेल्या दोन्ही गुणपत्रिका मी सावकाश वाचल्या. ट्रॉटमधल्या (दुडक्या चालीतल्या) वर्तुळांना आणि शोल्डर-इनला (खांदा आत घेऊन चालण्याला) तुला दहापैकी ६ आणि ६.५ मिळालेत, म्हणजे घोड्याला काम येतंय. गुण गेलेत ते थांबण्यात, चालण्यात आणि एका चालीतून दुसऱ्या चालीत जाण्यात. सुरुवातीचा हॉल्ट (थांबणं) ५, शेवटचा ५. फ्री वॉक (लांब लगामावर मोकळं चालणं) ५, आणि त्याला गुणांक दुप्पट. वॉकमधून कँटर (संथ दौड) दोन्ही बाजूंना ५. आता हिशेब मांडू. समजा टेस्ट एकूण २६० गुणांची आहे. फ्री वॉकचे ५ चे ७ झाले की दुपटीमुळे ४ गुण वाढतात. दोन हॉल्ट ५ वरून ७ वर गेले की आणखी ४. कँटरचे दोन उठाव एकेका गुणाने सुधारले की २. झाले १०, म्हणजे जवळजवळ ३.८ टक्के, आणि यात नवीन एकही हालचाल शिकवावी लागली नाही. उरलेली गळती ताठरपणाची आहे. पाठ आखडलेला घोडा वीस हालचालींत अर्धा अर्धा गुण सोडत गेला तरी आणखी १० गुण जातात, पुन्हा ३.८ टक्के. तुझ्या नऊपैकी साडेसात टक्क्यांचा ठिकाणा इथेच लागतो. पंचांनी शेऱ्यांत 'टेन्स' हा शब्द सात वेळा लिहिलाय. तो सात वेळा का लिहावा लागला, हे शोधणं म्हणजेच तुझी मोसमाची तयारी.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा आठव. २६ सप्टेंबर २०२३ ला सुदिप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, आपल्या मुंबईचा हृदय छेडा आणि अनुष अगरवाला यांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण आणलं. घोडेस्वारीत भारताला सुवर्ण मिळालं ते १९८२ च्या दिल्लीनंतर तब्बल ४१ वर्षांनी. त्या दिवशी मी विद्यार्थ्यांना घेऊन आकडे पाहत बसलो होतो. चौघांपैकी सर्वोत्तम तिघांचे गुण धरतात: अनुष ७१.०८८, हृदय ६९.९४१, दिव्यकृती ६८.१७६, बेरीज २०९.२०५. सरासरी काढ, सत्तरला थोडी कमीच भरते. म्हणजे आशियातलं सुवर्ण हे हालचालीमागून हालचालीला साधारण ७ मिळवत आलं. पंचांच्या भाषेत ७ म्हणजे 'बऱ्यापैकी चांगलं'. त्या टेस्ट पुन्हा पाहशील तर लक्षात येईल की कुठेही ४ किंवा ३ चा खड्डा पडू द्यायचा नाही, हे या मुलांनी किती शांतपणे सांभाळलं. तुझ्या पातळीलाही नेमकं हेच लागू आहे. नेत्रदीपक ट्रॉट कुठून आणू, या विचारात रात्री जागू नकोस.

आता घोड्याकडे येऊ, कारण खरी गोष्ट त्याच्या आयुष्यात आहे. रेसच्या घोड्याला दुसऱ्या वर्षीच खोगीर आणि स्वार कळतो. तेव्हापासून तो शिकतो की लगामावर ताण आला की त्यावर भार टाकून पुढे पळायचं. जॉकी रिकिबी आखूड करून पाठीच्या वर उभा असतो, त्यामुळे पोटरीचा स्पर्श काय सांगतो हे त्याला ठाऊकच नसतं. आणि महालक्ष्मीचा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, उजव्या हाताला वळणारा आहे. माझ्याकडे आलेल्या इथल्या घोड्यांत डावा कँटर (डावा पाय पुढे टाकणारा) हा बहुतेकांचा कच्चा दुवा निघाला. उजवा खांदा बाहेर पडतो, वर्तुळ अंड्यासारखं होतं, आणि स्वार डावा लगाम ओढून ते गोल करायला जातो. तुझ्या गुणपत्रिकेतही डाव्या हाताची सगळी वर्तुळं उजव्यांपेक्षा अर्ध्या गुणाने कमी आहेत. लगामाने वाकवायचा प्रयत्न बंद कर. उजवी पोटरी आणि उजवा लगाम यांनी बाहेरचा खांदा आत आण, डाव्या हाताची पकड दर दोन-तीन पावलांनी सैल करून बघ. तो स्वतःच्या पायांवर टिकतो का, हे त्या सैल क्षणात कळतं.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याच्या आठवणी. मुंबईचा रेसचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे तुझ्याच स्पर्धांचा काळ. ध्वनिक्षेपकावर कोणी वेगात बोलू लागलं, गर्दी जमली, अनोळखी घोडे ट्रकमधून उतरू लागले, की त्याच्या दृष्टीने त्याचा एकच अर्थ आहे: आज पळायचंय. तो हट्टी नाही, बिघडलेलाही नाही. त्याला जे शिकवलं ते तो इमानाने आठवतोय. घरच्या मैदानात हे काहीच नसतं, म्हणून ६६. तेव्हा गर्दी आणि आवाज यांना नवा अर्थ द्यावा लागेल, आणि तो टेस्टच्या सात मिनिटांत देता येत नाही. म्हणून म्हटलं की पहिल्या स्पर्धेला नाव न नोंदवता जा. आयोजकांना आधी विचार, बहुतेक ठिकाणी ठरावीक शुल्क भरून घोडा आणू देतात. सकाळी त्याला हातात धरून फिरव, चरायला दे, वॉर्म-अपच्या मैदानाच्या कडेला तासभर उभा कर. दुपारी पंधरा मिनिटं लांब लगामावर वॉक, आणि घरी. रेसच्या दिवशीही, जिथवर परवानगी असेल तिथवर, सईसबरोबर (घोड्याची देखभाल करणाऱ्याबरोबर) त्याला आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर गवत खाऊ दे. खाणारा घोडा श्वास सोडतो, जबडा हलवतो. तीन-चार वेळा हे झालं की ध्वनिक्षेपक म्हणजे गवत, असं नवं गणित जुळायला लागतं.

आता वॉक. सगळ्यांना वाटतं वॉक म्हणजे विश्रांती, ट्रॉट सुरू करायच्या आधीचा वेळ. पण बिघडायला सगळ्यात सोपी आणि दुरुस्त करायला सगळ्यात अवघड चाल तीच. चार स्वच्छ ठोके हवेत. घाबरलेला घोडा एकाच बाजूचे दोन पाय जवळजवळ एकत्र टाकू लागतो, आणि हे पंचांना मैदानाच्या टोकाला, सी या अक्षरापाशी बसून लगेच दिसतं. थरोब्रेडला निसर्गानेच वॉक चांगली दिलेली असते, आपण हाताने घट्ट धरून ती मारतो. पाऊस पडून गेल्यावर मैदानातली वाळू दबलेली असते, तेव्हा एक काम कर. लांब लगामावर सरळ रेषेत चाल, मग खाली उतर आणि ठसे बघ. मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशाच्या किती पुढे पडलाय? वीतभर पुढे असेल तर उत्तम. ठशावर ठसा असेल तर ठीक. मागे राहत असेल तर तो पाठ आखडून चालतोय. मग लगाम आवळून चार पावलं चाल, पुन्हा उतर, पुन्हा बघ. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना मी हे करायला लावतो, आणि स्वतःच्या हाताने किती इंच खाल्ले हे वाळूत दिसलं की पुढे मला बोलावं लागत नाही.

फ्री वॉकमध्ये लगाम सोडायचा नाही, बोटांमधून सरकू द्यायचा. घोड्याने तो मागितला पाहिजे: नाक पुढे आणि खाली, मान लांब. तू एकदम सोडतेस, मग तो डोकं वर करून आजूबाजूला बघतो. परत लगाम उचलताना तर आणखी मोठा खड्डा पडतो, कारण त्याला कळलेलं असतं की आता कँटर. हे मोडायचं तर घरी लगाम उचल, दहा पावलं चाल, पुन्हा सरकू दे. दहा वेळा उचलल्यावर एकदाच कँटर माग, आणि तोही कधी या कोपऱ्यात, कधी त्या.

हॉल्टचंही तसंच. एक्सवर, म्हणजे मैदानाच्या मध्यबिंदूवर, रोज थांबशील तर आठवड्याभरात तो एक्सच्या तीन पावलं आधीच थांबायची तयारी करू लागेल. मधल्या रेषेवर दहा वेळा ये आणि दोनदाच थांब, दरवेळी वेगळ्या जागी. थांबलीस की मनात चार मोज, एक श्वास पूर्ण सोड, मगच पुढे. सलामीला लगाम एका हातात घेताना तुझा डावा खांदा पुढे येतो, व्हिडिओत स्पष्ट दिसतं, आणि त्याच क्षणी घोडा मागचा एक पाय बाजूला टाकतो. हा सराव घोड्याविना, घरी आरशासमोर कर.

पावसाळ्याचं वेळापत्रक मागितलंस. मी तारखा लिहून देणार नाही, कारण मुंबईचा पाऊस तारखा पाळत नाही. जून ते ऑगस्ट हे शरीर बांधायचे महिने: रोज चाळीस-पन्नास मिनिटं वॉक, जमीन परवानगी देईल तिथे लांब ट्रॉट, जमिनीवर ठेवलेल्या काठ्यांवरून चालणं. मैदानात पाणी साचलं तर शेडमध्ये हातात धरून काम कर: एक पाऊल मागे, दोन पुढे, खांदा आत. आपल्याकडे दोरीवर गोल फिरवण्याला 'कावा देणं' असा जुना, नेमका शब्द आहे. तोही करावा, पण आठवड्यातून दोनदाच, वीस मिनिटांच्या आत. लहान गोलात सतत फिरवलं की सांध्यांवर एकाच बाजूने भार येतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टेस्टमधल्या हालचाली सुट्या सुट्या घे. दिवाळीत फटाक्यांच्या रात्री घोडे नीट झोपत नाहीत, त्या आठवड्यात अवघड काम मागू नकोस.

ऑक्टोबरच्या उन्हाबद्दल मात्र ठासून सांगतो, कारण दरवर्षी कोणी ना कोणी चूक करतं. एक जुना ठोकताळा आहे: तापमान फॅरनहाइटमध्ये घे, त्यात आर्द्रतेची टक्केवारी मिळव. बेरीज १३० च्या आत असेल तर घोडा स्वतःला सहज थंड ठेवतो. १५० च्या वर घाम सुकत नाही म्हणून काळजी घ्यावी लागते, १८० च्या आसपास कामच करू नये. आता आपली मुंबई बघ: ३० अंश सेल्सियस म्हणजे ८६ फॅरनहाइट, त्यात ८५ टक्के आर्द्रता, बेरीज १७१. सकाळी आठ वाजता! म्हणून तुझी पहाटेची लोकल हीच घोड्यावरची सगळ्यात मोठी माया आहे. काम संपल्यावर नाकपुडीजवळ हात धरून श्वास मोज. विश्रांतीत तो मिनिटाला ८ ते १६ असतो, नाडी २८ ते ४४. दहा-पंधरा मिनिटांत दोन्ही उतरणीला लागले पाहिजेत. उतरत नसतील तर सावली, पंखा, आणि मानेवर, छातीवर, मांड्यांच्या मधे सतत पाण्याची धार. घोडा धापा टाकतोय आणि अंग मात्र कोरडं आहे, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलाव. दमट शहरांत काही घोड्यांचं घाम येणं बंद पडतं, आणि 'घाम नाही म्हणजे घोडा फिट' असं समजून लोक काम चालू ठेवतात.

घोड्याच्या घामातून मीठ भरपूर जातं. रोजच्या खाण्यात ३० ते ५० ग्रॅम साधं मीठ घालायला सांग, मिठाचा खडा चाटेलच अशा भरवशावर राहू नकोस. रेसमधून आलेल्या घोड्याला सईस प्रेमाने ओट आणि हरभरा चढवतात. काम वॉक-ट्रॉटचं असेल तर एवढी ताकद कुठे जाणार? ती स्पर्धेच्या दिवशी पाठीतून बाहेर येते. गवत आणि लसूणघास वाढवून धान्य कमी करता येईल का, हे डॉक्टरांशी बोलून ठरव. सईसला या बोलण्यात बरोबर घे. तो घोड्याला दिवसाचे चौदा तास बघतो, तू दीड तास. कुठल्या रात्री घोड्याने पाणी कमी प्यायलं हे तुला तोच सांगणार आहे.

नाल दर पाच-सहा आठवड्यांनी बदलतात. हिशेब असा बसव की नवी नाल स्पर्धेच्या आठ-दहा दिवस आधी पडेल, आदल्या दिवशी कधीच नाही. पावसाळ्यात रोज खूर साफ करताना तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणाचा वास घे. काळं, घाण वास येणारं काही दिसलं की नालबंदाची वाट न बघता खूर कोरडा ठेवायला लाग. आणि ऑक्टोबरमध्ये खोगीर पुन्हा तपासून घे. तीन महिन्यांच्या कामाने पाठ भरते, जूनमध्ये बसलेलं खोगीर तेव्हा खांद्याला टोचू शकतं. तंग आवळताना कान मागे करणं ही तक्रार आहे, तिला खोडी म्हणून ओरडू नकोस.

आता वॉर्म-अप, कारण स्पर्धेतली निम्मी लढाई तिथे हरली जाते. तुझ्या व्हिडिओत टेस्टच्या आधी पंचेचाळीस मिनिटं सलग ट्रॉट-कँटर दिसतो. घोडा गरम झाला, मग चिडला, मग थकला, आणि थकलेला ताण घेऊन तू आत गेलीस. अशा घोड्याला मी दोन भागांत काम देतो. टेस्ट साडेनऊला असेल तर साडेसहाला वीस मिनिटं: आधी दहा मिनिटं लांब वॉक, मग मोठ्या वर्तुळांवर मान खाली सोडून ट्रॉट, दोन्ही हातांवर थोडा कँटर, बस. परत तबेल्यात, खोगीर काढून गवत. मग नऊला पुन्हा खोगीर आणि टेस्टच्या वेळेपर्यंत पंचवीस मिनिटं, त्यातली पहिली आठ वॉकच. या दुसऱ्या भागात काहीही शिकवायचं नाही. ट्रॉट-वॉक-ट्रॉट, कँटर-ट्रॉट-कँटर अशी स्थित्यंतरं करत राहा, दर दोन मिनिटांनी थाप दे आणि लगाम लांब कर. शोल्डर-इन एकदा चांगलं झालं की पुन्हा मागू नकोस. आत जायच्या पाच मिनिटं आधी कोणी कडेवरून 'अजून पुढे, अजून पुढे' असं ओरडलं तर ऐकू नकोस. ते तुझे सर असले तरीही; आदल्या दिवशीच त्यांना नम्रपणे सांगून ठेव की तिथे मला फक्त वेळ सांगा.

घंटा होण्याआधी मैदानाच्या बाहेरून फेरी मारायला मिळते. बहुतेक मुलं ती ट्रॉटमध्ये, घाईत उरकतात. तू पंचांच्या टेबलापाशी वॉकमध्ये ये, त्याला टेबलावरचं कापड, छत्री, कुंड्या बघू दे. महालक्ष्मीला दुपारनंतर समुद्राचा वारा सुटतो आणि झेंडे, फलक फडफडू लागतात. घरी हेच दृश्य उभं करता येतं: दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक छत्री, काठीला बांधलेली जुनी ओढणी. नियमांचं पुस्तक त्या वर्षीचं वाच. चाबूक नेता येतो का, घोड्याच्या तोंडातली कोणती बिट (लगामाची कडी) चालते, आवाजाने घोड्याला सांगितलं तर काय होतं, टेस्ट विसरलीस तर किती कापतात. हे स्पर्धेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतं, आणि फुकट गमावलेल्या गुणांइतकं दुःख दुसऱ्या कशाचं होत नाही.

बाहेरगावच्या स्पर्धेबद्दल एवढंच. पुण्याला जायचं तर बोरघाटात ट्रक हळू चालवायला आधीच बजाव, वळणावर घोडा चारही पायांनी स्वतःला तोलून धरतो आणि उतरल्यावर त्याचे स्नायू दुखतात. दिल्ली-बंगळुरूचा पल्ला असेल तर दर चार तासांनी थांबून पाणी दे आणि त्याची मान खाली जाऊ दे. तासन् तास डोकं वर बांधलेल्या घोड्याच्या फुफ्फुसात घाण साचते, त्यातून ताप येतो. घोड्याचा पासपोर्ट, लसींच्या नोंदी आणि ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीचा दाखला यांची चौकशी महिनाभर आधी कर.

मीडियमला का नको म्हणतो, ते माझ्या अनुभवातून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच रेसमधून आलेला एक कुमाईत (तांबूस तपकिरी) घोडा होता. डिसेंबरच्या स्पर्धेत एलिमेंटरीत तो छान गेला आणि मला घाई झाली. जानेवारीत मी त्याला फ्लाइंग चेंज (कँटर चालू असतानाच पुढचा पाय बदलणं) शिकवायला घेतला. घोडा हुशार, दोन आठवड्यांत शिकला. फेब्रुवारीत पुन्हा एलिमेंटरीलाच उतरलो. तिथे काउंटर कँटर होता, म्हणजे वळण डावीकडे आणि कँटर उजवा. माझ्या घोड्याने वळण आलं की प्रत्येक वेळी आनंदाने पाय बदलला. त्याला वाटलं मी हेच मागतोय. तिथे ३, पुढच्या हालचालीला ४, आणि मी चिडून हात आवळला तो वेगळाच. काउंटर कँटर पुन्हा शांत करायला चार महिने लागले. तो घोडा मला अजून आठवतो, कारण त्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. म्हणून मोसमात नवीन शिकवण शक्यतो बंद ठेवायची. घरी तू थोडं वरच्या पातळीचं काम कर, हाफ-पासची (तिरकं पुढे सरकण्याची) दोन-चार पावलं माग, पण स्पर्धेत उतरायचं ते त्याला झोपेतही येईल अशा टेस्टला.

वेळापत्रक म्हणशील तर साधारण असं धर. नोव्हेंबरची पहिली स्पर्धा नुसती भेट. डिसेंबरला एलिमेंटरी, पण एकच टेस्ट, दोन नाही. त्यानंतर दहा दिवस मैदानात पाऊल नको, फक्त बाहेर वॉक आणि चराई. जानेवारीच्या अखेरची स्पर्धा कर, आणि तिचा आकडा डिसेंबरपेक्षा कमी आला तरी गुणपत्रिकेत फ्री वॉक आणि हॉल्टचेच रकाने आधी बघ. फेब्रुवारीची सोड. तुझी परीक्षाही जवळ येते, आणि दमलेल्या स्वाराच्या मांड्या घोड्याला सगळं सांगतात. मार्चची शेवटची. आठवड्यात चार दिवस मैदान, एक दिवस काठ्या, एक दिवस नुसती रपेट, एक दिवस पूर्ण सुट्टी. स्पर्धेच्या आधीच्या तीन दिवसांत पूर्ण टेस्ट एकदाही करू नकोस, तुकडे कर.

जाता जाता विचारलंस की पुढे सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून मारवाडी जातीचा घोडा घेऊन त्याला ड्रेसाज शिकवता येईल का. मारवाडी देखणा असतो, धाडसी असतो, आणि खालच्या टेस्ट तो छान करू शकतो. फक्त घेताना त्याला रेवाल चालीत (एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकत्र टाकायच्या चालीत) घातलेला नाही ना, हे बघ. ती चाल स्वाराला सुखाची, पण तिची सवय लागलेल्या घोड्याकडून स्वच्छ दोन ठोक्यांचा ट्रॉट आणि चार ठोक्यांची वॉक काढायला वर्षं जातात.

मार्चच्या टेस्टनंतर तिन्ही गुणपत्रिका शेजारी ठेव आणि डाव्या हाताची वर्तुळं, दोन हॉल्ट, फ्री वॉक, कँटरचे उठाव एवढेच आकडे एका कागदावर उतरव. सगळीकडे ६.५ किंवा वर दिसलं तर मला कळव, मीडियमसाठी जूनपासून काय करायचं ते तेव्हा लिहीन. त्या आधी एप्रिल-मे त्याचे आहेत: नाल काढता येत असेल तर काढ, पहाटे अर्धा तास चालव, आणि दुपारभर पंख्याखाली उभा राहू दे.